आत्याचं माप

आत्या बरी होणार, असं टाचणीने देवाच्या वतीने जाहीर करून टाकलं, तेव्हा खुद्द देवाला विचारायचं तेवढं तिच्याकडून राहून गेलं.

रविवारची उपासना संपत आली होती. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" आणि सगळे नेहमीसारखे आपापल्या बुटांकडे बघू लागले. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, यापेक्षा दात काढून घेतलेला बरा, असं बहुतेकांना वाटतं. टाचणी मात्र ताडकन उठली.

"माझी आत्या आजारी आहे हे तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. पण डॉक्टर म्हणजे देव नव्हे. माझी आत्या बरी होणार आहे. देवाने मला तसं सांगितलंय."

सगळी मंडळी एका आवाजात "आमेन" म्हणाली. पाळकसाहेबांचं आमेन तर माइकमधून घुमलं. पप्पांनी चष्मा काढून उगाचच पुसला. आईने तिचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. टाचणीला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर उभ्या आहोत.

आता खरं सांगायचं तर देव तिच्याशी काहीएक बोलला नव्हता. तिसरं गीत चालू असताना तिच्या पोटात काहीतरी ऊबदार हललं होतं, इतकंच. तसं तर तिला निकालाच्या दिवशीही होतं. पण उभं राहून बोलायला लागलं की वाक्य आपोआप पुढे धावतं, आणि टाळ्या जिथे पडतील तिथेच जाऊन थांबतं. हे तिला त्या वर्षी नव्यानेच कळलं होतं.

कारण त्याआधी ती अशी नव्हती. शाळेत ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. बाईंनी नाव पुकारलं तर "हजर" म्हणायलाही तिच्या घशाला कोरड पडायची. तिला माणसात आणलं ते आत्याने.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान आणि त्याच्या मागे तिची झोपायची खोली. टाचणी हे नावही तिनेच ठेवलेलं. "बारीक, टोकदार आणि नको तिथे जाऊन रुतणारी," असं ती गिऱ्हाइकांना ओळख करून देताना म्हणायची.

माप घ्यायची आत्याची एक तऱ्हा होती. आधी ओठांत चार-सहा टाचण्या धरायची आणि मग गिऱ्हाइकाभोवती टेप घालायची. टाचण्या तोंडात म्हटल्यावर बोलणार कशी? मग बोलायचं काम समोरच्या बाईकडे यायचं. हात वर, टेप छातीभोवती, आत्याचं डोकं खांद्याशी, पण डोळ्याला डोळा नाही. अशा वेळी बायकांचं काय व्हायचं कोण जाणे. बाही लांब हवी की आखूड, इथून सुरुवात व्हायची आणि गाडी भलतीकडेच जायची. टाचणी तिथे असली तर आत्या भुवई उडवायची. त्याचा अर्थ, जा, खडू घेऊन ये. खडू घेऊन येईपर्यंत ती बाई नाक पुसत असायची, आणि आत्या पाठीचं माप घेत असायची, जसं काही घडलंच नाही.

एकदा शाळेच्या गणवेशाचं माप घेताना टाचणीचीही तीच गत झाली. हात वर केले आणि तोंडातून निघून गेलं, की आपण डबा शाळेच्या बाथरूममध्ये उभ्याने खातो, कारण वर्गात कुणी शेजारी बसू देत नाही. आत्या काही म्हणाली नाही. टाचण्या होत्या ना तोंडात. तिने फक्त नुकताच मोजलेला हात पुन्हा एकदा मोजला, खांद्यापासून मनगटापर्यंत, अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवसापासून टेपवरचे आकडे मोठ्याने वाचायचं काम टाचणीला मिळालं. आवाज बारीक आला की आत्या पायाने जमिनीवर ठोकायची. पुन्हा. भिंतीला ऐकू जाऊ दे. आधी कुजबुज, मग आवाज, मग चांगली खणखणीत आरोळी. वर्षभरात टाचणी वर्गाची मॉनिटर झाली, भाषणाच्या स्पर्धेत पहिली आली, आणि आता ती कुठेही उभी राहून कशावरही बोलू शकत होती. बोलतही होती.

आणि त्या आवाजानेच तिने आत्याचं तोंड बंद केलं.

साक्ष देऊन घरी आल्या दिवसापासून आजाऱ्याच्या खोलीचा कारभार तिने हातात घेतला. नियम एकच. या खोलीत फक्त विश्वासाचं बोलायचं. रडायचं नाही, उसासे टाकायचे नाहीत, "तू किती करायचीस आमच्यासाठी" असलं काही काढायचं नाही. देव ऐकतोय. आपण डळमळलो तर तो दिलेला शब्द मागे घेईल. म्हणजे तिच्या मनातला देव त्या दिवसांत शाळेतल्या पर्यवेक्षकासारखा होता. हातात पेन घेऊन बाकांमधून फिरणारा, कोण मान वळवतंय ते बघणारा.

पप्पा बसडेपोच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. कामावरून आले की हात घासून धुवायचे, तरी डिझेलचा वास राहायचाच. तसेच येऊन पलंगाशी बसायचे.

"ताई," ते एकदा म्हणाले, "मला तुला एक विचारायचं होतं. आपण लहान असताना..."

"पप्पा," टाचणी दारातून म्हणाली, "विश्वासाचं."

पप्पांनी वाक्य बदललं. "ताई, आज तुझा रंग बरा दिसतोय."

"हो," आत्या म्हणाली. "पिवळा मला पहिल्यापासून शोभतो."

पप्पा हसले, आई हसली, टाचणी सगळ्यांत मोठ्याने हसली. मग पप्पा उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मोठ्या माणसांनी तिला अडवलं नाही, याचं तिला नंतर नवल वाटायचं. पण जे बोलायला जीव धजत नाही ते बोलूच नका असं कुणी सांगितलं तर माणसाला सुटल्यासारखं होतं. एका मुलीच्या विश्वासामागे सगळं घर लपून बसलं होतं.

एक दिवस काजवाली मावशी आली. आत्याच्या दुकानातल्या सगळ्या कपड्यांना काजं ती करायची. दोघींची मैत्री टाचणीच्या जन्माच्या कितीतरी आधीची. मावशीचे डोळे उंबऱ्यातच भरून आले होते.

"मावशी, असं रडकं तोंड घेऊन आत नको हं. आधी धुऊन या."

मावशी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली. दाराशी येईतो पुन्हा तेच.

"मावशी."

ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मात्र ती नळाशीच थोडा वेळ उभी राहिली, मग सफरचंदांची पिशवी दुकानातल्या टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या. "निघते बाई मी. माझ्याच्याने नाही होणार. तिला सांग, येऊन गेले."

टाचणीने सांगितलं नाही. आत्याला वाईट वाटलं असतं म्हणून.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "काजवाली फिरकलीच नाही गं?"

"येईल ना," टाचणी म्हणाली. "तू बरी झालीस की तूच जा तिच्याकडे."

त्यानंतर दोन-चार दिवसांनी आत्याने पहिल्यांदा टेप मागितली. टाचणी शाळेतून आली होती, दप्तर अजून खांद्यावर होतं.

"टाचणे, टेप आण. माझं माप घे."

"आत्ता? आत्ता घेऊन काय उपयोग, आत्या? तू बरी झालीस की अंगाने भरशील, मग सगळं घट्ट होईल. मला शिव्या घालशील, कुणी शिकवलं हिला म्हणून."

"मीच शिकवलं," आत्या म्हणाली, आणि हसून डोळे मिटले.

दुसऱ्यांदा मात्र तिने ते हसण्यावारी नेलं नाही. "कपाटात वरच्या फळीवर पांढरं कापड आहे. चांगलं आहे, आटणार नाही. माप घे माझं. मापाशिवाय शिवलं तर गळ्याशी झोळ येईल. सगळ्यांचं आयुष्यभर नीट बसवलं, आणि मी मात्र देवापुढे झोळ घेऊन जाऊ?"

पांढरं कापड कशाचं ते टाचणीला लगेच कळलं. मंडळीतल्या कुणाला दफनाच्या पेटीत ठेवायचं झालं की त्यांचा शेवटचा पांढरा झगा आत्याच शिवायची. टाचणी घाबरली. घाबरली की ती आता गप्प बसत नसे, मोठ्याने बोलायची. तिने आत्याच्या कपाळावर हात ठेवला आणि अशी दणदणीत प्रार्थना केली की शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. मरणाचा विचार या खोलीतून निघून जावो. शंका निघून जावो. बापा, तू शब्द दिला आहेस.

प्रार्थना संपली. आत्याने तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "आमेन."

टाचणी जिंकल्यासारखी उठली. ते आमेन तिला ओळखीचं वाटलं होतं, पण कुठलं ते तेव्हा आठवलं नाही. एखादं गिऱ्हाईक अजिबात न शोभणारा रंग घेऊन हौसेने यायचं, तेव्हा आत्या याच आवाजात म्हणायची, "छान आहे की."

पाळकसाहेब दर आठवड्याला भेटायला यायचे. जाताना त्यांनी तिला दुकानात थांबवलं. "बाळ, आत्या काही म्हणते का? तिला काही बोलायचं असेल, तर ऐकून घे."

"माप घे म्हणते. मी नाही घेणार, पाळकसाहेब. तुम्हीच सांगता ना प्रवचनात, डळमळू नका म्हणून."

त्या रविवारी माइकमधून आमेन पाळकसाहेबांनीच म्हटलं होतं. "सांगतो खरा," ते पुटपुटले आणि बूट घालायला त्यांनी भलताच वेळ लावला.

तिसऱ्यांदा आत्याने काही मागितलं नाही. एका दुपारी टाचणी घरी आली तर डॉक्टर हात धूत होते आणि आई भिंतीला टेकून उभी होती. सकाळी आत्या उशीवर कलंडली, ती पुन्हा बोलली नव्हती. "आता बोलणं होईल असं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही बोला. ऐकू येत असेल."

टाचणी दुकानात जाऊन शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. यंत्रावर धूळ जमली होती. आधी तिला देवाचा राग आला, सडकून आला. तू सांगितलं होतंस. मी सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. मी एकदाही डळमळले नाही, आणि तू मला तोंडघशी पाडलंस. असं बरंच बोलून झाल्यावर तिचा दम संपला. खोलीत कुणी उलट बोललं नाही. त्या गप्पपणात तिला जे ठाऊक होतं तेच तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. त्याने सांगितलंच नव्हतं. त्याच्या तोंडात ते शब्द तिने घातले होते, आणि आजवर त्याने एकदाही ओरडून तिला खोटं पाडलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. काजवाली मावशी. हातात काळा झगा.

"हा कमरेत आत घ्यायचाय," ती म्हणाली. आतल्या खोलीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "मी वाळलेय. लागेल आता."

दफनाला काळं घालतात, हे टाचणीला माहीत होतं. तिने डबीतून टाचण्या घेतल्या, ओठांत धरल्या आणि मावशीने झगा चढवल्यावर तिच्याभोवती टेप घातली. मावशीने हात वर केले.

"माझा मुलगा घर सोडून गेला ना," मावशी समोरच्या भिंतीशी बोलावं तशी बोलायला लागली, "तेव्हा तुझ्या आत्याने मला ढीगभर काम दिलं. रोज नवी काजं. कापड बघून मला कळायचं गं, टाकाऊ कापड आहे ते. त्याचा शर्ट होणार नाही की काही होणार नाही. पण हाताला काम नसतं तर मला वेड लागलं असतं. तिला वाटायचं मला कळत नाही. मीही कळू दिलं नाही. आता एकदा सांगावं म्हटलं होतं, की कळत होतं मला, बाई. कळत होतं." तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "स्वतःचं माप मात्र तिने जन्मात कुणाला घेऊ दिलं नाही. मी किती मागे लागले. म्हणायची, नको, टेपेखाली आलं की माणूस बोलून जातं."

टाचणीचे हात थांबले.

आत्याला झग्याची काळजी नव्हतीच असं नाही. पण ज्या बाईने जन्मभर टेपेखाली येणं टाळलं, तिने एकीला सांगितलं होतं, मला घे टेपेखाली. तोंडात टाचण्या धर, गप्प बस, आणि माझ्याजवळ ये. दोनदा सांगितलं होतं. आणि त्या एकीने तिच्या कपाळावर हात ठेवून शेजारचा रेडिओ बारीक करायला लावला होता.

टाचणीने टाचण्या तळहातावर काढल्या. "मावशी, तुम्ही आत जा."

"अगं, पण माझे डोळे..."

"तोंड धुऊ नका. तशाच जा."

मावशी आत गेली. दाराआडून तिचं रडणं आणि बोलणं एकात एक मिसळून ऐकू येत राहिलं, आणि टाचणीने कान बंद केले नाहीत, दारही उघडलं नाही. मावशी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता, पण खांदे खाली आले होते.

मग टाचणी टेप घेऊन आत गेली. पलंगावर झोपलेल्या माणसाचं माप घ्यायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने गळ्यापासून सुरुवात केली. मग खांदे. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता. जन्मभर यंत्रावर वाकून तो उतरला असणार. आत्याच्या कपड्यांत ते कधी दिसलं नव्हतं. स्वतःचे कपडे ती तसे बेतत असणार, कुणाला न सांगता.

"आत्या, तुझा खांदा दुखायचा का गं?" टाचणीने विचारलं. आत्याचे डोळे अर्धवट उघडे होते.

"तू विचारलंस ना, त्या दिवशी मावशी आली होती. मी परत पाठवलं. तुला सांगितलं नाही." टेप दंडावर आली. "मला खूप भीती वाटतेय. पहिल्या दिवसापासून वाटत होती. देवाने मला काही सांगितलं नव्हतं, आत्या. मीच म्हटलं. तू नाही राहिलीस तर मी पुन्हा तशी होईन, बाथरूममध्ये डबा खाणारी, असं वाटलं मला."

काखेखालून टेप घालायची होती. कशी घालावी म्हणून ती अडखळली. आणि आत्याचा हात उचलला गेला. फार नाही, जेमतेम टेप सरकेल इतका. गिऱ्हाईक उचलतं तसा.

टाचणीने टेप घातली आणि तिथेच, तिच्या अंगाशी डोकं टेकवून, ती बसून राहिली. प्रार्थना केली नाही. शब्दच नव्हते. तिच्या मनातला तो पेनवाला पर्यवेक्षक खोलीत कुठेच नव्हता. खोलीत जे कुणी होतं ते तिच्या अगदी जवळ होतं, घाई न करणारं, मध्ये न बोलणारं. मित्राच्या कबरेकडे जाताना प्रभू रडला होता, ही बायबलमधली गोष्ट ती रविवारच्या शाळेत लहानपणापासून ऐकत आली होती. त्याला कुणी तोंड धुऊन ये म्हणालं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. या देवाची आपली ओळख आधीच, आत्याकडे बोलायला शब्द होते तेव्हाच, व्हायला हवी होती. ही टोचणी तेव्हा लागली ती पुन्हा निघाली नाही.

दोन दिवसांनी आत्या गेली. पांढरा झगा टाचणीने शिवला, मावशीने त्याला काजं केली. उजवा खांदा बोटभर उतरता बेतला. गळ्याशी झोळ आला नाही.

दफनाच्या दिवशी मंडळीतल्या एक बाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझी साक्ष खरीच झाली हो. स्वर्गात बरी झालीच ना ती." दिलासा द्यायलाच म्हणाल्या बिचाऱ्या. टाचणीला पळवाट आयती मिळाली होती. ती म्हणाली, "नाही हो. मी तसं म्हटलं नव्हतं."

आत्याला काय सांगायचं होतं ते कुणालाच माहीत नाही. मावशीला नाही, आईला नाही. देवाला माहीत असेल, पण तो सांगत नाही, आणि आता टाचणीही त्याच्या वतीने अंदाज करत नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तिने पप्पांना विचारलं, "तुम्हाला आत्याला काय विचारायचं होतं? लहानपणचं काहीतरी. मी मध्येच तोडलं."

"काही नाही गं," पप्पा म्हणाले. "आता कशाला ते." आणि चष्मा पुसायला घेतला.

टाचणी उठली. खुंटीवरची टेप काढली. "पप्पा, जरा उभे राहा. तुमच्या शर्टाचं माप घेते."

"आत्ता? मला शर्ट आहेत की."

तिने उत्तर दिलं नाही. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. पप्पा कुरकुरत उभे राहिले, हात वर केले. तिने छाती मोजली, पाठ मोजली. तिने हात मोजला, खांद्यापासून मनगटापर्यंत. डिझेलचा वास येत होता.

"आमच्या घरामागे एक भिंत होती," पप्पा एकदम म्हणाले, कुणाकडेच न बघता. "तुझी आत्या..." आणि त्यांचा आवाज चिरकला.

टाचणीने टेप पुन्हा त्यांच्या खांद्यावर नेली आणि तोच हात परत मोजायला घेतला, सावकाश.